रात्री बागेत कोण येतं हे कमी खर्चात कसं शोधायचं? (बेलापूर, रो-हाऊस)

पारसिक_पायथा · ६ जुलै, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. आम्ही बेलापूरला सेक्टर ८ मधे रो-हाऊसमधे राहतो, मागे साधारण १२ बाय १८ फुटाची बाग, तिच्यामागे बोळ आणि मग लगेच पारसिकचा डोंगर. दोन पपया, तीन जास्वंदी, अळू, कढीपत्ता, आणि ह्या पावसात लावलेली वांगी-मिरचीची रोपं. गेले तीन आठवडे रात्री बागेत कोणीतरी येतंय. आधी पिकायला आलेली पपई झाडावरच अर्धी पोखरलेली मिळाली, मग वांग्याच्या रोपांचे रातोरात नुसते दांडे उरले, जास्वंदीच्या कळ्या रात्री मोजून ठेवल्या तरी सकाळी ६ ला एक नसते, आणि २८ जूनला तर मागच्या भिंतीवरचा पितळी नळच कोणीतरी पिळून काढून नेला, सकाळी टाकी रिकामी आणि बागेचं तळं झालेलं.

खरी काळजी आईची आहे. ती ७६ वर्षांची, तळमजल्यावर मागच्या खोलीत एकटी झोपते. रोज रात्री दोन-सव्वादोनला मागच्या गेटची कडी वाजते म्हणते आणि मग उजाडेपर्यंत टक्क जागी. दोन रात्री मी वर खिडकीत उभी राहिले, कडी मी पण ऐकली, खाली येऊन बघते तर कोणी नाही.

गल्लीतल्या लोकांनी आता ठरवूनच टाकलंय की हे नाईटच्या वॉचमनचं काम आहे, नळही त्यानेच नेला. १९ तारखेला रविवारी मीटिंग आहे, त्याला काढायचा विषय आहे. तो माणूस चार वर्षं इथे आहे, आईला रात्री-अपरात्री औषध आणून दिलंय त्याने, मला हे अजिबात पटत नाहीये, पण हातात दाखवायला काही नाही. चार कॅमेऱ्यांचं वायरिंगसकट कोटेशन २२ हजार आलं, ते आत्ता जमणार नाही. हजार-दीड हजारात काय करता येईल सांगा प्लीज.

गच्ची_सानपाडा · ७ जुलै, सकाळी ७:१५

घुशी असणार. आमच्या सोसायटीत घुशींनी कुंड्या उकरून ठेवल्यात, कंपाऊंडखाली बोगदे आहेत नुसते. भोक आणि त्याच्या तोंडाशी मातीचा ढीग दिसतोय का बघा.

कोलशेत_वायरमन · ७ जुलै, सकाळी ९:०२

ताई, आधी एक सांगतो, मी वीस वर्षं वायरिंग करतोय आणि कॅमेरे पण लावतो, तरी म्हणेन की कॅमेरा सगळ्यात शेवटी. आधी कुठून येतो आणि किती वाजता येतो ते कळू द्या, नाहीतर २२ हजार घालून भलत्याच कोपऱ्याचं शूटिंग होतं.

पहिली वस्तू गेटला लावायचा मॅग्नेटवाला अलार्म. दोन तुकडे असतात, एक चौकटीला एक दाराला, मधे अंतर पडलं की किंचाळतो. छोट्या सेलवर चालतो, दीड-दोनशेत मिळतो. ह्याला पाऊस, वारा, हलणारी फांदी कशाचंही देणंघेणं नाही, गेट उघडलं तरच वाजणार. वरून प्लास्टिकचं झाकण करा म्हणजे भिजणार नाही.

दुसरी वस्तू पीआयआर सेन्सर. हा उष्णतेवर चालतो, म्हणजे आजूबाजूपेक्षा गरम काहीतरी त्याच्या समोरून सरकलं की त्याला कळतं. एचसी-एसआर५०१ म्हणून छोटा बोर्ड येतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात शंभरच्या आसपास मिळेल, जुन्या मोबाईल चार्जरच्या ५ व्होल्टवर चालतो आणि सात मीटरपर्यंत पकडतो. सोल्डरिंगच्या भानगडीत पडायचं नसेल तर सेन्सरवाला एलईडी बल्ब घ्या, साध्या होल्डरमधे बसतो, तीन-साडेतीनशे. सोलरवाला घेऊ नका, जुलैमधे दिवसभर ढग, चार्जच होत नाही, मध्यरात्रीच्या आत मान टाकतो आणि तुम्हाला तर दोन वाजता हवाय.

रानवाटा_येऊर · ७ जुलै, दुपारी १:३०

मी ठाण्यात येऊरच्या पायथ्याला राहतो. आमच्याकडे रात्री काय काय येतं ते बघून सांगतो, तुम्ही चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच्या माथी मारताय. पपई, रोपं, कळ्या आणि नळ. नळ नेणारा माणूस आहे ह्यात वादच नाही, पितळ भंगारात जातं. पण जो पितळ न्यायला येतो तो पपई पोखरत बसत नाही, आणि नळ एकदाच गेलाय, कडी रोज वाजतेय. म्हणून नळ आत्ता बाजूला ठेवा.

बाकीच्यांसाठी एक पैसा न घालता करायचं काम. छज्जाखाली, जिथे पाऊस लागत नाही, तिथे चाळलेली ओलसर माती पसरून ठेवा, परातीत किंवा जुन्या ट्रेमधे अर्धा इंच, वरून पट्टीने सपाट करा. रांगोळीही चालते पण ह्या हवेत ती दमट होऊन बसते. सकाळी ठसे बघा. मांजराला चार बोटं दिसतात आणि नखं उमटत नाहीत, कुत्र्याला चार बोटं आणि नखं उमटतात, उदमांजराला (फळं खाणारं, झाडावर चढणारं रानटी जनावर) पाच बोटं. घुशीचा पुढचा पाय चार बोटांचा, मागचा पाच. मोबाईलने फोटो काढताना बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो.

आणि शिवणकामाचा काळा दोरा. गेटच्या आत तीन उंचीवर आडवा बांधा, एक घोट्याएवढ्या, एक गुडघ्याएवढ्या, एक कमरेएवढ्या, आणि चौथा गेटच्या वरच्या कडेवरून. एकेरी, हाताने सहज तुटेल असा. कुठला तुटला त्यावरून येणाऱ्याची उंची कळते. माणूस आला तर कमरेचा आणि गुडघ्याचा दोन्ही तुटतील, तो काही उडत येत नाही.

पपईखाली काय सांडलंय ते पण बघा. वटवाघूळ असेल तर चावून चावून थुंकलेला चोथा आणि बाजूच्या भिंतीवर शिंतोडे असतात. उदमांजर असेल तर खोडावर नखांचे ओरखडे, आणि भिंतीच्या माथ्यावर बियांनी भरलेली विष्ठा.

स्पष्टवक्ता_कळवा · ७ जुलै, दुपारी ३:११

एवढं कशाला, भिंतीवरून उघडी तार टाका आणि रात्री करंट सोडा. एकदा झटका बसला की माणूस असो जनावर असो परत नाही येणार.

कोलशेत_वायरमन · ७ जुलै, दुपारी ३:२६

हे लिहू नका हो इथे, हात जोडतो. घरातली २३० व्होल्टची लाईन पावसात उघड्या तारेवर म्हणजे झटका नाही, मरण आहे. पहिला हात बहुतेक घरातल्याच कोणाचा लागतो, सकाळी फुलं काढायला गेलेल्या आजीचा किंवा चेंडू आणायला गेलेल्या पोराचा. आणि चोर मेला तरी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो. मी अशा एका घरी नंतर वायरिंग तपासायला गेलोय, त्या बाईंचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. ताई, हे अजिबात करू नका.

पारसिक_पायथा · ७ जुलै, रात्री ९:५०

नाही नाही, करंट वगैरे काही नाही. गेटचा अलार्म १८० ला वाशीत मिळाला, सेन्सरचा बल्ब ३४० ला. दोरे आईनेच बांधले, तिच्याच शिवणाच्या डब्यातले, आणि खरं सांगते, इतक्या दिवसांनी ती घाबरलेली न दिसता कामात गुंतलेली दिसली.

पारसिक_पायथा · ८ जुलै, सकाळी ८:०५

पहिली रात्र फुकट गेली. बल्ब सारखा लागत होता, मी मोजलं, एक ते दोनच्या मधे सतरा वेळा. बागेत कोणी नाही. आई म्हणाली काढ तो, त्याच्यामुळे जास्त भीती वाटते. कडी २:१० ला वाजली पण बल्ब आधीपासूनच लागलेला होता, त्यामुळे काही कळलं नाही.

कोलशेत_वायरमन · ८ जुलै, सकाळी ९:४०

बल्ब कुठे लावलाय, समोर काय आहे? एसीचं आऊटडोअर युनिट आहे का जवळ?

पारसिक_पायथा · ८ जुलै, सकाळी १०:१२

हो, शेजाऱ्यांचं. आणि सोनचाफ्याची फांदी मधे येते.

कोलशेत_वायरमन · ८ जुलै, सकाळी १०:३०

मग बरोबर आहे. त्या युनिटची गरम हवा मधूनमधून फेकली जाते, फांदी त्या गरम हवेत हलते, सेन्सरला वाटतं कोणी आलं. काळी इन्सुलेशन टेप घ्या आणि सेन्सरच्या पांढऱ्या घुमटाचा युनिटकडचा अर्धा भाग झाकून टाका. दुसरं, बल्ब उंचावर आहे, त्याला खालच्या छोट्या जनावरापेक्षा लांबचं सगळं दिसतं. होल्डर वायरने खाली आणा, दोन-अडीच फुटावर, छज्जाखाली कोरड्या जागी, आणि तोंड गेटकडे न करता भिंतीला समांतर करा. हा सेन्सर समोरून चालत येणाऱ्याला उशिरा पकडतो आणि आडव्या जाणाऱ्याला पटकन, कारण आत दोन खिडक्या असतात आणि उष्णता एकीतून दुसरीत सरकली की तो पेटतो. पावसापासून वाचवायला पुढे काच किंवा जाड प्लास्टिक मात्र लावू नका, त्यातून ही उष्णता पार होत नाही, सेन्सर आंधळा होतो. वरून पीव्हीसी पाईपचा अर्धा तुकडा छपरासारखा ठेवा, बास.

अजून एक लक्षात ठेवा, भिजलेल्या केसाळ जनावराचं अंग बाहेरून फार गरम नसतं, त्यामुळे सात मीटर डब्यावर लिहिलंय म्हणून सात मीटर धरू नका, तीनच धरा.

जुईची_वेल · ८ जुलै, रात्री ८:१५

रोपांबद्दल मला बोलायचंय. मी खारघरची, दोन पावसाळे मिरची-वांगी अशीच घालवलीत. कोवळ्या रोपाचा दांडा उरतो आणि पानं जातात ना, ते गोगलगायींचं काम. मोठ्या शंखाच्या, आफ्रिकन म्हणतात त्या, हाताच्या मुठीएवढ्या होतात. तुमचा कुठलाही सेन्सर ह्यांना पकडणार नाही कारण त्यांचं अंग थंडच असतं, आणि इतक्या हळू सरकतात की कॅमेऱ्याच्या मोशन डिटेक्शनलाही कळत नाही. ह्यांना बॅटरीच हवी. पाऊस थांबल्यावर रात्री दहा-साडेदहाला बॅटरी घेऊन जा, कुंड्यांच्या खालची बाजू, भिंतीचा ओला भाग, अळूच्या पानाची मागची बाजू. सकाळी चकचकीत वाळलेली रेघ दिसली तरी समजा.

पारसिक_पायथा · ८ जुलै, रात्री ११:२०

जुईताई, आत्ताच आले बागेतून. एक्केचाळीस. मोजल्या. वांग्याच्या वाफ्यात चौदा, बाकी अळूखाली आणि पाण्याच्या टाकीमागे. मी इतके दिवस माणसावर संशय घेऊन बसले होते आणि ह्या माझ्या पायाशी होत्या.

जुईची_वेल · ८ जुलै, रात्री ११:३१

उघड्या हाताने उचलू नका हं, त्यांच्यात उंदरांकडून येणारा एक जंत असू शकतो, तो माणसाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतो. हातात पिशवी घालून उचला, मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाका, नंतर खड्ड्यात पुरा. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्यात पसरून ठेवा, सकाळी त्याच्याखाली जमलेल्या सापडतात, शोधत फिरायला नको. दुकानातल्या गोळ्या आणू नका, त्यात मेटाल्डिहाईड असतं, कुत्र्याने खाल्लं तर जीव जातो. पालेभाजी नीट धुवून, शिजवूनच खा.

पारसिक_पायथा · १० जुलै, सकाळी ७:४४

आता जरा नीट सांगते, कारण काल रात्री पहिल्यांदा सगळं जुळलं.

गेटचा अलार्म तीन रात्री वाजलेला नाही. म्हणजे गेट उघडलंच गेलेलं नाही. घोट्याचा, गुडघ्याचा, कमरेचा, तिन्ही दोरे शाबूत. गेटच्या वरच्या कडेवरचा मात्र त्यातल्या दोन रात्री तुटलेला. बल्ब टेप लावल्यापासून शांत आहे, काल फक्त दोनदा लागला, २:०६ ला आणि २:३१ ला. कडी आईने ऐकली २:०५ ला. तिने उशाशी वही ठेवलीय, वेळ लिहून ठेवते.

छज्जाखालच्या ट्रेमधे एकच ठसा, पाच बोटं, नाण्यापेक्षा थोडा मोठा. फोटो टाकतेय. पपईच्या खोडावर ओरखडे आहेत, भिंतीच्या माथ्यावर तुम्ही सांगितलं तसंच, पपईच्या काळ्या बिया. रानवाटा, बघून सांगा.

रानवाटा_येऊर · १० जुलै, सकाळी ८:२०

उदमांजर. कोकणात आम्ही कांडेचोर म्हणतो. डोंगरातून बोळाच्या भिंतीवर, भिंतीवरून गेटच्या माथ्यावर, तिथून पपईवर. गेटवरून चालताना त्याच्या वजनाने गेट हलतं आणि सैल कडी वाजते. चार-पाच किलोचं असू शकतं, शेपूट धरून मोठ्या मांजरापेक्षा लांब दिसतं. माणसाच्या वाटेला जात नाही, आईंना सांगा घाबरायचं काही कारण नाही. आमच्या गावच्या घरी माळ्यावर रहायचं एक, संध्याकाळी बासमती भात शिजल्यासारखा वास आला की आजी म्हणायची, उठलं बघ.

पिंजरा लावू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, आणि एक उचलून लांब सोडलं तर त्या जागी दुसरं येतं. जखमी दिसलं किंवा घरात अडकलं तर वनविभागाची १९२६ हेल्पलाईन आहे.

गच्ची_सानपाडा · १० जुलै, सकाळी ९:०५

ठसा मांजराचा कशावरून नाही? आणि मीटिंगमधे मातीतली पाच बोटं दाखवून कोण ऐकणार? लोकांना व्हिडिओ लागतो.

पारसिक_पायथा · १० जुलै, सकाळी ९:३०

हेच मलाही वाटतंय. माझ्याकडे जुना फोन आहे, स्क्रीनला तडा गेलेला पण कॅमेरा चालतो.

कोलशेत_वायरमन · १० जुलै, दुपारी १२:५०

पुरेसा आहे. अल्फ्रेड कॅमेरा नावाचं अ‍ॅप टाका, हलचाल झाली की रेकॉर्ड करतं आणि तुमच्या चालू फोनवर मेसेज येतो. फोन आईंच्या खोलीत खिडकीच्या काचेला अगदी चिकटवून ठेवा, मधे फट राहिली तर खोलीतलं प्रतिबिंब येतं, आणि खोलीतला दिवा बंद पाहिजे. चार्जर लावलेलाच ठेवा, पण फोन गादीवर किंवा पडद्यात गुंडाळून नको, रात्रभर तापतो, आणि बॅटरी फुगलेली असेल तर तो वापरूच नका.

फोनला अंधारात दिसत नाही, म्हणून बाहेर उजेड लागेल. सेन्सरचा बल्ब एकदम पेटला तर जनावर बुजून पळेल, व्हिडिओत नुसती शेपटी येईल. त्यापेक्षा झिरोचा पिवळा बल्ब रात्रभर चालू ठेवा, दोन दिवसांत त्याला सवय होईल. सेन्सरवाला तसाच ठेवायचा तर त्याची दिशा गेटपासून फिरवून नळाच्या कोपऱ्याकडे करा, तिथे माणूस आला तर उजेड हवाच आहे.

पुढेमागे वायफाय कॅमेरा घेतलात तर तो काचेच्या आत लावू नका, त्याचे स्वतःचे इन्फ्रारेड दिवे काचेवर आपटून परत येतात आणि सगळं पांढरं दिसतं. बाहेर लावलात तर आठवड्यातून एकदा फडक्याने पुसा, त्या दिव्यांकडे किडे येतात, किड्यांसाठी कोळी जाळं विणतो, आणि ते जाळं हललं की रात्रभर अलर्ट. मला येणाऱ्या निम्म्या तक्रारी कोळ्याच्या असतात. आणि कुठलाही कॅमेरा शेजाऱ्यांच्या खिडकीवर जाता कामा नये, ते आधी बघा.

पारसिक_पायथा · १३ जुलै, सकाळी ६:५५

मिळाला!! २:१२ ला. एकोणीस सेकंदांचा व्हिडिओ. गेटच्या माथ्यावरून येतं, मधे थांबतं, कडीवर पाय पडतो आणि तो आवाज, तोच आवाज, मग पपईवर चढतं. चेहऱ्यावर काळा पट्टा, डोळे पिवळ्या उजेडात चमकतात. आईला दाखवला. तिने तीन वेळा बघितला आणि म्हणाली, एवढंसं आहे होय ते.

आणि अजून एक आहे त्यात. ५:०८ ला बोळातून भिंतीवर एक काठी येते, टोकाला आकडी लावलेली, जास्वंदीची फांदी वाकवते आणि एकेक फूल ओढून घेते. चेहरा दिसत नाही, हात दिसतो, म्हातारा हात आहे, मनगटात लाल दोरा. कोण ते मला कळलंय, पण इथे लिहिणार नाही आणि मीटिंगमधेही तो भाग दाखवणार नाही. आई म्हणाली मीच बोलेन.

जुईची_वेल · १३ जुलै, सकाळी ८:३०

बरं केलंत. देवासाठीच नेत असणार. आमच्या इथे एका काकांना मी जास्वंदीची फांदी लावायला दिली, आता त्यांच्याच कुंडीत फुलते. पावसाळ्यात फांदी लगेच जगते, बोटाएवढी जाड घ्या, खालची पानं काढून टाका.

रानवाटा_येऊर · १३ जुलै, सकाळी ९:१०

व्हिडिओ सुंदर आहे. पपई वाचवायची असेल तर पहिली पिवळी रेघ दिसली की काढून वर्तमानपत्रात गुंडाळून घरात पिकवा, झाडावर पूर्ण पिकू देऊ नका. खोडाला दोन फुटी पत्रा गुंडाळला तर खालून चढता येत नाही, पण तुमच्याकडे ते भिंतीवरून येतंय, म्हणून पत्र्याचा उपयोग नाही. मी माझ्याकडे एक फळ त्याच्यासाठी सोडतो. ह्या बिया तेच डोंगरात पेरत असतं.

पारसिक_पायथा · १९ जुलै, रात्री १०:२५

मीटिंग झाली. मी व्हिडिओ दाखवला, आईची वही दाखवली, तेरा रात्रींच्या वेळा, आणि अलार्म एकदाही न वाजल्याचं सांगितलं. एकाने विचारलं की मग नळाचं काय, आणि तो प्रश्न बरोबर आहे, नळ कोणी नेला ते मला आजही माहीत नाही, मी तसंच सांगितलं. पण रोज रात्री वॉचमन गेट उघडतो ही जी गोष्ट सगळे धरून बसले होते ती खोटी ठरली, आणि त्याच एका गोष्टीवर नळाचा आळ उभा होता. त्याला काढायचा विषय मागे घेतला. तो दाराशी उभा होता, काही बोलला नाही, नंतर मला म्हणाला की घरी गावाला सांगून ठेवलं होतं, परत येतोय म्हणून. मला तिथे उभं राहवेना.

नळ आता प्लास्टिकचा बसवलाय. बोळाच्या तोंडाशी एक सेन्सरवाला बल्ब गल्लीच्या वर्गणीतून लावायचं ठरलं, वॉचमनच्या खुर्चीतून दिसेल असा.

एकूण खर्च अलार्म १८०, बल्ब ३४०, झिरोचा बल्ब आणि होल्डर ९०, टेप २०, गूळ आणि गोणपाट घरचं.

कोलशेत_वायरमन · १९ जुलै, रात्री १०:४१

ताई, डोळ्यात पाणी आणलंत. बोळातल्या बल्बला वायर बाहेरून जाणार असेल तर ती पाईपमधूनच न्या आणि त्या लाईनला ईएलसीबी (करंट गळायला लागला की लाईन आपोआप तोडणारा स्विच) आहे का बघून घ्या. मी पुढच्या आठवड्यात ऐरोलीला येतोय, वाटेत येऊन बघून जातो, पैसे नकोत.

पारसिक_पायथा · १९ जुलै, रात्री १०:५८

या नक्की. जेवायलाच या. आणि कडीत मी कापडाची चिंधी घालणार होते आवाज बंद करायला, तर आई नको म्हणाली. तिला दोन वाजता ते आलेलं कळायला हवंय, ती खिडकीशी खुर्ची टाकून बसते आता.

गच्ची_सानपाडा · २० जुलै, सकाळी ७:०२

मी पण ट्रे लावला काल. चार बोटं पुढे, पाच मागे. घूसच आहे. फोटो टाकतोय, आता पुढे काय करू सांगा.